नळीवरचा पोचा

आमच्याकडे मामांच्या वेळची पॉइंट टू-टू रायफल आहे, लायसन्स आता माझ्या नावावर. चाळिशी लागली आणि नेम धरायची पुढची माशी नि मागची खाच एका रेषेत दिसेनात, म्हणून गेल्या चवथीनंतर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावायचं मनात घेतलं. रेंजवरच्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर विक्रेत्याचा नंबर दिला. माणूस बोलायला साखर. ‘सर, तीन-नऊ बाय चाळीस, खास रिमफायरचा, रिंगा फ्री.’ म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं, पॉइंट टू-टूसारख्या हलक्या काडतुसाच्या (रिमफायर) रायफलीसाठी; रिंगा म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी कडी. १४,५०० रुपये आगाऊ यूपीआय केले. बिल पार्सलमध्ये येणार होतं, आलं नाही.

रिंगांचा तळ रायफलीच्या ११ मिलिमीटर डव्हटेल खोबणीवर नीट बसला, म्हणून शंका आली नाही. पण स्कोपची नळी रिंगेत खुळखुळायला लागली. फोन केला तर म्हणे, ‘आत प्लास्टिकची पट्टी घालून आवळा, सगळे तसंच करतात.’ मी शहाणा अ‍ॅलन की घेऊन आवळत बसलो. पुढे फोंड्यात ओळखीच्या लेथवाल्या भाईंनी व्हर्नियर लावला. नळी २५.४, रिंग ३०. पट्टी सोडवली तर नळीवर नखाएवढा पोचा.

रेंजवर तर शोभाच झाली. नेम जुळवायची चकती क्लिक-क्लिक फिरते; पाव मिनिटाच्या (कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) एका क्लिकला ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर फरक पडायला हवा. वीस क्लिक वर फिरवले, म्हणजे गोळी सातेक सेंटीमीटर चढायला हवी. ढिम्म. तिसऱ्या गोळीला अचानक उडी. त्यात रायफल रिकामी करून वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि हात न लावता डोकं जरा हलवलं, तर भिंगातला क्रॉस लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाच्या या कडेवरून त्या कडेला. डोकं हललं की क्रॉस असा सरकलेला दिसणं म्हणजे पॅरॅलॅक्स; ठरावीक अंतरावर तो सरकू नये असा स्कोप जुळवतात. रिमफायरच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा ५० यार्डांच्या आसपास जुळवलेला असतो, मोठ्या रायफलींच्या स्कोपचा १०० किंवा त्यापुढे. याच्यावर ‘रिमफायर’ हा नुसता स्टिकर होता. ही परीक्षा एकही काडतूस न जाळता होते, आणि मी ती पैसे गेल्यावर केली! जूनमध्ये भिंगाच्या आतून वाफ धरली. वाफ धरू नये म्हणून नळीत नायट्रोजन भरलाय, असं विक्रेताच सांगत होता.

माल परत घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, ‘ट्यूबवर मार्क आहे सर, यूज्ड माल परत होत नाही.’ रिंगा त्याच्या, पट्टीचा सल्ला त्याचा, आणि पोचा माझा! त्यानंतर नंबर ब्लॉक.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केलीय. हातात यूपीआयची पावती आणि चॅट, बस्स. तुम्ही मागवत असाल तर बिलाशिवाय पैसे सोडू नका, पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, आणि स्क्रू फिरवण्याआधी नळी नि रिंग दोन्ही मोजून घ्या. कुठल्याही लेथवाल्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

स्कोप पुरावा म्हणून कपाटात ठेवला होता. पुतण्याने शोधून काढला. माडावरचे नारळ तयार झाले का ते बघतो त्यातून. तेवढं दिसतं.