वाफेवर तापवलेले लाकूड, माहीमची गॅलरी आणि अकरा महिने

माहीमच्या आमच्या गॅलरीत गेल्या नोव्हेंबरात वाफेवर तापवलेल्या अ‍ॅश नावाच्या परदेशी झाडाच्या फळ्यांची बैठक करून घेतली, तेव्हा भुरळ पडली होती ती रंगाची. पावसाळा उलटल्यावर मात्र सांगण्यासारखे अधिक आहे ते या लाकडाच्या आम्लतेविषयी.

रंग हा वरचा लेप नव्हे. मूळचे फिकट अ‍ॅश वाफेच्या आवरणात, जेथे प्राणवायू अत्यल्प असल्याने ते पेट घेत नाही, सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवले की आरपार तपकिरी होते. म्हणूनच सुताराने रंधा मारल्यावरही आतून तोच कॉफीसारखा रंग निघाला. परंतु अतिनील किरणांपुढे तो टिकत नाही. तेल न लावता उन्हात ठेवलेल्या दोन फळ्या मार्चपासूनच करड्या पडू लागल्या.

आम्लता येते ती त्याच भट्टीत. लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक उष्णतेने सर्वांत आधी तुटते, त्याचे अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, तयार होते आणि ते पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. कुतूहलापोटी मी भुसा डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजवून आम्लता मोजणाऱ्या पट्टीने तपासला: पीएच (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४ च्या आसपास आला, तर न तापवलेल्या तुकड्याचा साडेपाचच्या वर. घरगुती चाचणीच ती, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

आम्लाने लोखंड गंजते, तरीही काटकसर म्हणून साधे लोखंडी स्क्रू लावले, ही चूक सर्वस्वी माझी. ऑगस्टपर्यंत प्रत्येक स्क्रूभोवती काळपट डाग पसरले. खाऱ्या वाऱ्याला बोल लावावा, तर त्याच पाकिटातले स्क्रू शेजारच्या सागवानी स्टुलात वरवरच गंजले आहेत. सप्टेंबरात सगळे काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले. तापवलेले लाकूड ठिसूळ होत असल्याने आधी ड्रिलने भोक पाडणे आवश्यक होते, आणि जेथे सुताराने घाई केली तेथे फळी चिरली.

एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. पाणी धरून ठेवणारे हेमिसेल्युलोजच कमी झाल्यामुळे, जुलैत न्हाणीघराचे दार फुगून चौकटीत अडकत असताना, या फळ्यांमधल्या फटी होत्या तेवढ्याच राहिल्या. डाग घासून बाकीच्या फळ्यांना पुन्हा तेल दिले आहे. त्या दोन करड्या फळ्या तशाच ठेवल्या आहेत, कारण आमच्या आईला आता त्याच अधिक आवडतात.