‘नॉन-कॅथलिक’ म्हणजे नेमकं कोण? व्हॅटिकनच्या संकेतस्थळावरची कॅनन संहिता

हा शब्द मुळातून तपासायचा तर याहून भरवशाची जागा नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यांची 1983ची ही संहिता लॅटिनसह अनेक भाषांत मोफत वाचता येते, नंतरच्या दुरुस्त्याही मजकुरातच घेतल्या आहेत. मराठी भाषांतर मात्र नाही.

खरी अडचण वेगळीच. ‘नॉन-कॅथलिक’ची व्याख्या संहितेत कुठेच नाही. कलम 205 फक्त चर्चशी पूर्ण जोडलेला कोण ते सांगतं: बाप्तिस्मा झालेला आणि श्रद्धा, संस्कार व चर्चचं शासन या तिन्ही बंधांनी बांधलेला. उरलेल्यांत ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट ख्रिस्ती येतात, तसेच बाप्तिस्मा न झालेले हिंदू-मुसलमानही. म्हणून कुठलंही कलम उघडताना पहिला प्रश्न एकच: त्या व्यक्तीचा बाप्तिस्मा झालाय का?

लग्नाच्या बाबतीत हा प्रश्न टाळला की घोटाळा होतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या लग्नाला कलम 1124 लागतं, त्यासाठी परवानगी हवी; ती न घेता केलेलं लग्न नियमबाह्य, पण तेवढ्यानं रद्दबातल नव्हे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न असेल तर कलम 1086. तिथे सूट मिळवावी लागते आणि ती नसेल तर लग्नच अवैध. ही दोन्ही कलमं इंग्रजी आवृत्तीत 998 ते 1165च्या एकाच लांबलचक पानावर आहेत, पण पान हा फरक समजावत नाही.

चर्चचे संस्कार कोणाला देता येतात हे सांगणारं कलम 844 सावकाश वाचावं. ऑर्थोडॉक्स व्यक्तीनं स्वतःहून मागितलं आणि तिची योग्य तयारी असली, तर पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग देता येतो. प्रोटेस्टंटांसाठी अटी कडक: मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर निकड, स्वतःचा धर्मगुरू गाठणं अशक्य, स्वतःहून केलेली मागणी, योग्य तयारी आणि त्या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा.

लॅटिन पानावर पूर्ण शब्द टाकून शोधू नका. विभक्तीनुसार शेवट बदलतो, म्हणून ‘कॅथॉलिक’ एवढं मूळच लॅटिन लिपीत टाकावं. मग ‘अकॅथॉलिका’ हे जुन्या वळणाचं रूपही हाती लागतं, जे दंडविधानाच्या कलम 1367 मध्ये टिकून आहे. कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती लोकांसाठीची ‘विभक्त बंधू’ ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964च्या फर्मानातली सौम्य संज्ञा हवी असेल तर बायबल-भाषांतराचं कलम 825 उघडा.