आरएस-४८५ काढून इथरनेट: साखर कारखान्यात एका गळीत हंगामानंतर

आमच्या कारखान्यातले एनर्जी मीटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) वर्षानुवर्षे आरएस-४८५ च्या, म्हणजे सगळी उपकरणं एकाच तारेच्या जोडीवर जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, एकाच लायनीवर होते. भाषा मॉडबस आरटीयू (यंत्रांनी एकमेकांशी आकडे बोलायची ठरलेली पद्धत), वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. पावसाळ्यातल्या दुरुस्तीत नवीन केबल ओढली आणि अख्खा गळीत हंगाम मॉडबस टीसीपीवर, म्हणजे इथरनेटवर चालणाऱ्या त्याच मॉडबसवर काढला.

सगळे वेगाचं विचारतात. तो वाढलाच. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बिघाड आता जागच्या जागी राहतो. जुन्या लायनीवर मास्टर, म्हणजे आकडे गोळा करणारं मुख्य उपकरण, एकेकाला विचारत जायचा. एक मीटर गप्प बसला की टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत संपणं), पुन्हा विचारणा, पुन्हा टाइमआउट. तोवर बाकीचे ताटकळत. मिल हाऊसमधलं एखादं टर्मिनल सैल झालं की कंट्रोल रूममध्ये टर्बाइनचे आकडे अडकायचे. मग लाइन मधेच तोडून दोष अलीकडे की पलीकडे ते बघत फिरायचं, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. आता मॅनेज्ड स्विचचं (इथरनेटच्या केबली जिथे जोडतात आणि जो स्वतःची स्थिती दाखवतो तो डबा) पान संगणकावर उघडलं की कोणतं पोर्ट बंद आहे, कुठे खराब फ्रेम (माहितीचे तुकडे) येताहेत, हे जागेवर बसून कळतं.

अंतराचा हिशेब मात्र आधी करा. आरएस-४८५ कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जाते, तांब्याचं इथरनेट १०० मीटरला थांबतं. वजनकाटा आणि स्प्रे पाँडच्या पंपांपर्यंत आम्ही फायबर टाकली. ती महाग वाटली तरी टाकाच. वळवाच्या विजा तिच्यातून पीएलसीपर्यंत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) येत नाहीत. स्विचलाही २४ व्होल्ट लागतात, म्हणून प्रत्येकाला दोन वेगळ्या पॉवर सप्लाय द्या.

चालू मीटर फेकून देऊ नका, गेटवे (जुनी आरएस-४८५ लाइन इथरनेटला जोडणारा डबा) लावा. फक्त गेटवेच्या मागे अजून ९६०० च आहे हे ध्यानात ठेवा. एकावर सगळे लादण्यापेक्षा विभागवार गेटवे बरे, आणि स्काडाचा (कंट्रोल रूममधल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा) टाइमआउट गेटवेच्या टाइमआउटपेक्षा मोठा हवा.

सुरक्षेवर मी अडून बसलो होतो. मूळ मॉडबस १९७९ चा, त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. टीसीपीवर आला तरी तसाच. नेटवर्कवरून पोर्ट ५०२ पर्यंत (मॉडबस टीसीपीचा ठरलेला क्रमांक, स्विचचं भोक नव्हे) पोहोचलेला कुणीही व्हीएफडीला हुकूम सोडू शकतो. ऑफिसला उत्पादनाचे आकडे हवे होते, तर फायरवॉलआड नुसता वाचायचा सर्व्हर ठेवला. पीएलसीपर्यंत थेट वाट कुणालाच दिलेली नाही, साहेबांच्या लॅपटॉपलाही नाही.