साताऱ्यातील वाचनालयात मांडलेले मताधिकाराचे प्रदर्शन

राजवाड्याजवळच्या एका वाचनालयाने अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिला मंडळांच्या नेत्यांवर मांडलेले भित्तिफलकांचे प्रदर्शन दहा रुपयांच्या प्रवेशशुल्काच्या मानाने बरेच काही देते. १८९६ साली स्थापन झालेल्या या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा मेरी चर्च टेरेल यांच्यावरील फलक नेटका आहे. मात्र खरी पकड घेतो तो आयडा बी. वेल्स यांचा. शिकागोत १९१३ साली अल्फा सफ्रेज क्लब हे कृष्णवर्णीय स्त्रियांचे मताधिकार मंडळ स्थापन करणाऱ्या पत्रकार वेल्स यांना त्याच वर्षी ३ मार्च रोजी वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात, कृष्णवर्णीय म्हणून, मागे चालण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्या वाटेत गर्दीतून पुढे येऊन इलिनॉयच्या गोऱ्या प्रतिनिधींच्या रांगेत सामील झाल्या, हा प्रसंग मी दोनदा वाचला. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या घटनादुरुस्तीनंतरही दक्षिणेत मतदान कर आणि साक्षरता चाचण्यांनी कृष्णवर्णीयांची वाट अडवली व १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला, हा भाग मात्र दोन ओळींत उरकला आहे. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना १९२१ साली मिळालेल्या मर्यादित मताधिकाराचा, निदान सावित्रीबाईंच्या जिल्ह्यात तरी, उल्लेख हवा होता. अक्षरे बारीक आहेत, चष्मा न्यावा.