लिफ्टला घाबरणारा चिकू आणि घरी येऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षिका

आमचा चिकू हा गावठी कुत्रा सात महिन्यांचा होईपर्यंत दादरच्या आमच्या जुन्या इमारतीतील लिफ्टमध्ये बिनधास्त शिरत असे. मात्र एके दिवशी तिचा लोखंडी जाळीचा दरवाजा त्याच्या कानाशीच आदळला आणि तेव्हापासून त्याने लिफ्टचे नाव टाकले. सुरुवातीला बोलावलेल्या एका प्रशिक्षकाने ‘सवय होईल’ असे म्हणत त्याला आत ओढत नेले, आणि चिकू लिफ्टबरोबर गळ्यातल्या पट्ट्यालाही घाबरू लागला.

त्यामुळे दुसऱ्या एका प्रशिक्षिकेच्या सहा घरभेटींचे पैसे भरताना मी साशंकच होते. पहिल्या भेटीत त्यांनी चिकूला हातही लावला नाही. पिल्लांमध्ये भीतीचा एक काळ साधारणपणे आठव्या ते अकराव्या आठवड्यात येतो, दुसरा सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतो, आणि या काळातील एखादाच वाईट अनुभव मनात घट्ट बसतो, हे त्यांनी आम्हाला जमिनीवर बसून शांतपणे समजावले. लिफ्टपाशी चिकू जांभया देतो आणि ओठ चाटतो, तो कंटाळा नसून ताण आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

आमची खरी चूक त्यांनी दुसऱ्या भेटीत दाखवली. आम्ही खाऊचे आमिष दाखवून त्याला लिफ्टपर्यंत नेत होतो, त्यामुळे त्याला खाऊचाच संशय येऊ लागला होता. त्यांनी क्रम उलटा केला: चिकूची शेपटी पायांत जाणार नाही इतक्या अंतरावर थांबायचे, कोणीतरी दरवाजा अगदी हळू सरकवायचा आणि आवाज झाल्यानंतरच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. (शेजाऱ्यांनी या कवायतीला दाखवलेला संयम कौतुकास्पद होता.)

उणिवाही आहेत. सरावाची टिपणे केवळ इंग्रजीत मिळाली, आणि दिवसभर चिकूजवळ असणाऱ्या माझ्या आईला त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. ती मीच मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवली. शिवाय भेटींसाठी फक्त दुपारची वेळ मिळत असल्याने मला दर वेळी अर्धी रजा टाकावी लागली.

सहाव्या भेटीनंतर चिकू उघड्या लिफ्टमध्ये जाऊन बसतो, पण दरवाजा लावू देत नाही. प्रशिक्षिकेने घाई करू नका असे बजावले असल्यामुळे आम्ही सध्या तीन मजले जिन्यानेच उतरतो.