सिस्को २९११ मध्ये व्हॉइस मॉड्यूल बसवलं, काढलं : दहा महिन्यांचा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमच्या कारखान्यात जानेवारीपासून सेकंडहँड सिस्को २९११ राउटर चालू आहे, काम फक्त व्हॉइसचं, पीआरआय (टेलिफोन कंपनीची एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाईन) आत येते आणि पुढे फोनवर कॉल जातात. या मॉडेलचा कंपनी सपोर्ट २०२२ च्या शेवटीच संपलाय, सुरक्षा अपडेट येत नाहीत, म्हणून इंटरनेट मी यावर घेतलेलं नाही आणि कुणी घेऊही नये.

मागून लागणारी कार्डं सोपी आहेत, पॉवर बंद करायची, दोन स्क्रू सोडायचे, कार्ड सरकवायचं. खरी परीक्षा आतल्या पीव्हीडीएम३ ची, म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्या डीएसपी चिप असलेल्या व्हॉइस मॉड्यूलची, त्यासाठी अख्खं झाकण उघडावं लागतं. मी ३२ चॅनलवालं घेतलं कारण आमच्या ई१ प्रकारच्या पीआरआयला ३० चॅनल बोलायला लागतात. जानेवारीत नाशिकची हवा इतकी कोरडी असते की लोखंडी कपाटाला हात लावला तरी झटका बसतो, त्यामुळे पॉवर केबल काढली, अर्थिंगची वायर तशीच ठेवली, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून त्याची क्लिप चॅसिसच्या उघड्या पत्र्याला लावली आणि मगच मॉड्यूल कडेने धरून हातात घेतलं. हा पट्टा टाळू नका, खरंच.

तरी पहिल्यांदा चुकलंच. राउटर मस्त बूट झाला पण पीआरआय लाईन चालू करायची पीआरआय-ग्रुप कमांड घेईना, डीएसपी पुरेसे नाहीत म्हणे. बसवलेले भाग दाखवणारी शो इन्व्हेंटरी कमांड मारली तर यादीत मॉड्यूलच नाही! परत सगळं बंद करून उघडलं, बघतो तर मॉड्यूल धरून ठेवणारी एका बाजूची खिटी अर्धवट, दुसरी मात्र नीट बसलेली, वरून बघताना मॉड्यूल अगदी सरळ दिसत होतं. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला, दोन्हीकडून टक्क आवाज आला आणि पुढच्या बूटला दिसायला लागलं. त्यानंतर दहा महिन्यांत एकदाही त्रास नाही, पावसाळ्यात लाईट किती वेळा गेली तरी.

एक राग मात्र आहे. विकणाऱ्याने रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या दिल्याच नाहीत, विचारलं तर म्हणे काय फरक पडतो. पडतो ना, आतली हवा ठरल्या वाटेने फिरत नाही आणि आमच्याकडे ग्राइंडिंगची धूळ, ऑक्टोबरमध्ये झाकण उघडलं तेव्हा उघड्या स्लॉटच्या तोंडाशी राखाडी थर जमला होता. लोखंडाची धूळ आहे ती, बोर्डावर पडली की शॉर्टची भीती. पट्ट्या वेगळ्या मागवून लावल्या.

उघडलं होतं कारण सिन्नरच्या युनिटशी कॉल जी७२९ वर जातात, आवाज दाबून लहान करणाऱ्या त्या कोडेकला डीएसपी जास्त खातात, ३२ वालं अपुरं पडायला लागलं. काढताना मॉड्यूल ओढायचं नाही, आधी दोन्ही खिट्या बाहेर ढकलायच्या, मग ते स्वतःच थोडं वर येतं. तिथे ६४ वालं घातलं, जुनं अँटिस्टॅटिक पिशवीतून सिन्नरला नेऊन तिथल्या राउटरमध्ये बसवलं. या वेळी झाकण लावायच्या आधी मोबाईलचा टॉर्च मारून दोन्ही खिट्या बघितल्या, पहिल्याच बूटला यादीत आलं.