मल्टी-इंजिन आयआर: धुळे-बारामती की अमेरिका, आणि डीए-42 की पायपर

नाशिकच्या पोरांचं सीपीएलचं, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सचं गणित बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडतं, मल्टी-इंजिनवर (दोन इंजिनांच्या विमानावर) इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी, थोडक्यात आयआर, इथेच करायचं की अमेरिकेत. मला विचाराल तर देश नंतर, आधी विमान बघा.

ट्रेनिंगला ढोबळमानाने दोन जातीची विमानं मिळतात. एक जुन्या वळणाची पायपर, म्हणजे सेनेका नाहीतर सेमिनोल, आणि दुसरी डायमंडची डीए-42. पायपरमध्ये दर इंजिनाला थ्रॉटल (ताकदीचा), प्रॉप (पंख्याचा) आणि मिक्स्चर (इंधन-हवेच्या प्रमाणाचा) असे तीन लिव्हर, दोन्ही मिळून सहा. डीए-42 मध्ये इंजिनामागे एकच, बाकीचं कॉम्प्युटर बघून घेतो.

आता समजा डोक्याला हूड, म्हणजे नजर झाकणारी झापड लावलंय, बाहेरचं काही दिसत नाही, आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ सिग्नलवर खाली येताय आणि इन्स्ट्रक्टरने गपचूप एक थ्रॉटल मागे ओढलं. नाक एका बाजूला वळायला लागतं, सरळ ठेवायला तुम्ही पायाने रडर (शेपटीच्या सुकाणूचं पेडल) दाबता, जो पाय रिकामा राहिला त्या बाजूचं इंजिन गेलं, मग त्याच बाजूचं थ्रॉटल ओढून खात्री करायची आणि मग प्रॉप फेदर, म्हणजे पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न राहता त्याच्या रेषेत वळवायची. पायपरमध्ये सहा लिव्हरांतून नेमका तोच हाताला लागला पाहिजे, घाईत भलताच ओढला तर चांगलं चाललेलं इंजिन बंद. डीए-42 मध्ये त्या इंजिनाचा मास्टर स्विच ऑफ केला की प्रॉप आपोआप फेदर होतो. पण म्हणून डीए-42 सगळ्याच बाबतीत सोपं असंही नाही बरं का, त्याचे दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरतात त्यामुळे डावं इंजिन जाणं जास्त वाईट, सेमिनोलचे उलटसुलट फिरतात म्हणून तिथे हा फरक नाही. आणि कुठलंही घ्या, एक इंजिन गेलं की ताकद अर्धी जाते पण वर चढायची क्षमता जवळपास 80 टक्के जाते, स्पीड मीटरवरच्या निळ्या रेषेच्या (एका इंजिनावर सर्वात चांगलं चढायचा स्पीड) खाली जाऊ द्यायचा नाही आणि लाल रेषेच्या (त्याखाली विमान ताब्यात राहत नाही) तर जवळही नाही.

एअरलाइनलाच जायचं असेल तर मी डीए-42 म्हणेन, पुढे एअरबसमध्येही काचेचे स्क्रीन आणि कॉम्प्युटरवाली इंजिनंच आहेत. शिवाय ते जेटच्या इंधनावर चालतं. पायपरला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं, ते 2022 पर्यंत आपण बाहेरूनच आणायचो, मग इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला घेतलं. अमेरिकेत हा प्रश्नच नाही.

आता जागा. आपल्याला फ्लाइंग स्कूलं असलेले धुळे, शिरपूर आग्रा हायवेवरच, बारामतीही लांब नाही, सुट्टीला घरी येता येतं. पण धुळे-बारामतीच्या धावपट्टीला आयएलएस नाही, त्यासाठी मोठ्या एअरपोर्टवर जायचं आणि तिथे आधी एअरलाइनवाल्यांचा नंबर. त्यात पावसाळा, पोरं हँगरबाहेर चहा पीत आभाळ बघत बसतात. अमेरिकेत एका फेरीत तीन-चार अ‍ॅप्रोच (उतरायच्या सरावाच्या फेऱ्या) होऊन जातात आणि रडारवाल्याचं भराभर इंग्रजी कानात बसतं, हा फायदा खरंच मोठा आहे. उत्तरेकडची स्कूलं मात्र टाळा, हिवाळ्यात ढगात बर्फ धरतो आणि बर्फ काढायची सोय (डी-आइसिंग) नसलेलं विमान जमिनीवरच राहतं.

बाहेरून आलात की डीजीसीएचे (आपल्या विमान वाहतूक नियामकाचे) पेपर आणि कन्व्हर्जन, म्हणजे परदेशी लायसन्स भारतीय करून घेणं, आहेच. भारतात आयआरला 40 तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो, त्यातले 20 पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. आणि आयआरची मुदत वर्षभरच असते, त्यामुळे कन्व्हर्जन रखडलं किंवा एअरलाइनची भरती लांबली तर चेक पुन्हा द्या, मल्टीचा तास पुन्हा विकत घ्या, आणि तो सिंगलच्या मानाने भलताच महाग.

खर्च आणि घर बघून इथेच करणार असाल तरी हरकत नाही, फक्त स्कूलला मल्टी किती आहेत हे विचारू नका, आज किती उडतायत ते विचारा. एकच असेल आणि ते पार्टची वाट बघत उभं असेल तर पुढचे महिने गेलेच समजा. तिथल्याच पोरांना गाठून शेवटचं मल्टी सॉर्टी (उड्डाण) कधी झालं ते लॉगबुकात बघा, आणि मल्टीचे पैसे मल्टी सुरू होईल तेव्हाच भरा.